दापुरीची चित्रे आणि न नोंदलेले नाव

काही वर्षांपूर्वी पुण्यात वनस्पतिचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन पाहिले. चित्रांखालच्या पट्ट्यांवर वनस्पतीचे लॅटिन नाव होते, ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे संक्षिप्त नाव होते, चित्र ज्याच्या संग्रहातले त्याचेही नाव होते. चित्रकाराच्या जागी मात्र ‘अज्ञात’. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही, कलेतिहासाचाही नाही. जे थोडेफार कळते ते ग्रंथालयांत बसून आणि सह्याद्रीत पायपीट करून. पण त्या एका शब्दाने मला बरीच वर्षे कामाला लावले.

आपल्याकडचे या संदर्भातले सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे दापुरीची चित्रे. दापुरी म्हणजे पुण्याजवळचे आजचे दापोडी. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक, स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात बागेतल्या देशी-विदेशी झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. मी ती छापील रूपातच पाहिली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते. मन लगेच गोव्याकडे धावते. पण तर्काला पुराव्याची जागा देता येत नाही.

‘आपल्याकडे कलावंत नाव लावतच नसत,’ असे उत्तर यावर हमखास मिळते. ते टिकत नाही. जहांगीराने आपल्या आठवणींत मन्सूरचे नाव त्याच्या पदवीसह लिहिले आणि त्याने काश्मीरची शंभराहून अधिक फुले चितारल्याचे नमूद केले. 1777 नंतर कलकत्त्यात इम्पी दांपत्यासाठी काम करणाऱ्या शेख झैनुद्दीनची स्वाक्षरी त्याच्या चित्रांवर आहे. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांनी रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावे ग्रंथात छापली. म्हणजे नाव राहणे किंवा पुसले जाणे हे परंपरेवर नव्हे, तर काम करवून घेणाऱ्याच्या दप्तरावर अवलंबून होते.

हे शास्त्र नावांबाबत किती काटेकोर आहे, हे पाहिले की विसंगती अधिक टोचते. वनस्पतीच्या नावामागे ते देणाऱ्याचे नाव जोडले जाते, ते शतकानुशतके टिकते. 1860च्या दशकात डाल्झेल यांनी जुन्नर परिसरातल्या शिंदळ माकुडीला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया’ म्हटले. पुढे काही अभ्यासकांनी ती दुसऱ्या प्रजातीत घातली, तरी ‘फ्रेरी’ हे विशेषण उरलेच. वाइट यांनी 1853 मध्ये एका ऑर्किडला ‘गोविंदूइया’ म्हटले होते. ती प्रजाती दुसरीत विलीन झाली आणि गोविंदू केवळ पर्यायी नावांच्या यादीत उरला. यात कुणाचा डाव नव्हता, नियमांनुसारच झाले. पण गव्हर्नरच्या आठवणीला इतर आधार असतात. चित्रकाराला बहुधा तेवढाच एक असतो.

वनस्पतिचित्रकाराने स्वतःला दिसू देऊ नये, चित्र शास्त्राच्या सेवेत असते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. कोरा पांढरा कागद, त्यावर एक डहाळी, बाजूला फुलाचे सुटे भाग: चौकट ठरलेली असते. पण कोणते पान उलटे वळवून त्याची पाठ दाखवायची, कळी, फूल आणि फळ एकाच फांदीवर कसे बसवायचे, तोडलेली डहाळी कोमेजण्याआधी कोणता रंग आधी धरायचा, हे निर्णय त्या हाताचेच असतात. वाळवलेल्या नमुन्यात रंग उडतो, आकार चपटा होतो. तो जिवंतपणा चित्रातच उरतो. काही वनस्पतींच्या बाबतीत तर मूळ नमुनाच उरत नाही आणि नामकरणाचा आधार म्हणून चित्र धरले जाते. मग ते चित्र सजावट कसे?

2019 मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये विल्यम डॅलरिंपल यांनी मांडलेल्या प्रदर्शनात ‘कंपनी शैली’ या सरसकट शिक्क्याऐवजी चित्रकार पुढे आणले गेले. ज्यांची नावे सापडली त्यांचे भले झाले. दापुरीच्या चित्रकाराचे काय?

त्याला खोटे नाव द्यावे, असे मी म्हणणार नाही. माझी मागणी पट्टीवरच्या एका शब्दापुरती आहे. ‘अज्ञात’ म्हटले की उणीव चित्रकाराची वाटते. तो गिब्सनना अज्ञात नव्हता, बागेतल्या माळ्यांनाही नसणार. तिथे लिहावे: ‘चित्रकार पोर्तुगीज-भारतीय, नाव नोंदवले गेले नाही.’ जागा चार-पाच शब्दांचीच जास्त लागेल, पण चूक कुणाची ते कळेल.