उसनी चाल, पुसलेली नाममुद्रा : जुन्नर-आंबेगावच्या तमाशाभूमीतून प्रचारगीताचा विचार

प्रस्तावना

निवडणूक आणि गाणे यांचे नाते जगभर आढळते. अमेरिकेत १९८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रोनाल्ड रीगन यांनी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील भाषणात रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांचा गौरवाने उल्लेख केला. त्या वेळी गाजत असलेले त्यांचे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गीत व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि काम न मिळालेल्या सैनिकाची व्यथा मांडते. मात्र ध्रुपद तेवढे ऐकले तर ते देशाभिमानाचे गीत वाटते. स्प्रिंगस्टीन यांनी काही दिवसांतच रंगमंचावरून आपली असहमती सूचित केली. पुढे २०२० मध्ये नील यंग यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. तेथील वादाच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने एकच मुद्दा राहिला आहे, तो म्हणजे कलावंताची संमती. मराठी प्रचारगीताला हीच कसोटी जशीच्या तशी लावता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव जुन्नर तालुक्यात असल्याने या प्रश्नाचा विचार जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात केला आहे.

चाल सर्वांची, शब्द शाहिराचे

अमेरिकेतील उदाहरणांत मूळ गीत शब्दांसह उचलले जाते. मराठी प्रचारगीतात बहुधा चाल तेवढी उसनी घेतली जाते आणि शब्द नवे रचले जातात. या प्रथेमागे मोठी परंपरा आहे. कीर्तनकारांनी आणि शाहिरांनी परिचित चालींवर नवी पदे बांधली व त्यात कोणाला चोरी दिसली नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे जुन्नर तालुक्यातील ओतूर हे एक महत्त्वाचे केंद्र होते. या चळवळीतून उभ्या राहिलेल्या जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. परंतु गणातील गणेशस्तवनाच्या जागी निर्मिकाचे स्तवन आणले. आंबेडकरी जलशांनीही हा साचा समतेच्या विचारासाठी राबवला.

या परंपरेचा सर्वांत परिणत आविष्कार अण्णा भाऊ साठे यांच्या रचनेत आढळतो. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर एकत्र आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली 'माझी मैना' ही छक्कड वरवर पाहता विरहाची लावणी आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याची मैना गावी राहिली आहे. कवन पुढे सरकते तसा त्या ताटातुटीला महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाचा अर्थ येऊन मिळतो. येथे लावणीचा घाट केवळ गर्दी जमविण्यासाठी वापरलेला नाही. श्रोत्याच्या मनात आधीच असलेल्या विरहभावनेला राजकीय आशय दिला आहे. उसनवारी असूनही ही रचना उसनी वाटत नाही, याचे कारण शाहिराने घेतलेल्या रूपाचे ऋण अर्थाने फेडले आहे.

नाममुद्रा आणि उत्तरदायित्व

लावणी-पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा गुंफतो. होनाजी बाळापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत हा संकेत टिकून राहिला. नाममुद्रा ही केवळ प्रसिद्धीची हौस नव्हे. कवनात जे म्हटले आहे त्याची जबाबदारी कोणाची, हे ती सांगते. शाहीर श्रोत्यांसमोर उभा असे. त्याला सवाल करता येई आणि त्याला जबाब द्यावा लागे. सवाल-जबाब हा तमाशाचा प्राण मानला जातो तो यामुळेच.

आजचे प्रचारगीत ध्वनिमुद्रित असते. एखाद्या गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि गावांची यादी बसवली जाते आणि रिक्षा किंवा टेम्पो ते दिवसभर वाजवत फिरतो. नाव बदलले की तेच गीत दुसऱ्या मतदारसंघातही चालते. गीतकार कोण, गायक कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. अशा गीतामुळे गायक-वादकांना चार पैसे मिळतात, हा युक्तिवाद रास्त आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोबदला मिळाला म्हणजे नाव पुसण्याची मुभा मिळाली, असे होत नाही.

या परिसरात हा विरोधाभास अधिक ठळक होतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी देण्यासाठी तेथे येतात. शिरूर लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये २९ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १३ मे रोजी मतदान झाले. म्हणजे यात्रांचा हंगाम आणि प्रचाराचा हंगाम एकाच वेळी येतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करणारे २००० चे नियम दोघांनाही लागू आहेत. पण प्रचाराला दिवस मोकळा असतो, तमाशाचा संसार मात्र रात्रीवर चालतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला, तरी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. ज्या कलेच्या ठेक्यावर सभा रंगतात, त्या कलेचे ऋण मान्य करण्याची सवय राजकीय व्यवहाराला लागलेली नाही.

याच मतदारसंघातून २०१९ मध्ये प्रथम निवडून आलेले डॉ. अमोल कोल्हे हे मूळचे नारायणगावचे आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेमुळे घरोघरी पोहोचलेले अभिनेते आहेत. भूमिकेचे वलय मतदाराच्या मनावर काम करते, ही टीका येथेही संभवते. तथापि, येथे कलावंत स्वतः मतदारासमोर उभा आहे आणि त्याला प्रश्न विचारता येतो. निनावी गीताला ते विचारता येत नाहीत.

कायद्याची मर्यादा

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने 'जय हो' या गीताचे हक्क टी-सीरीजकडून रीतसर घेतले होते. याउलट नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत 'केजीएफ २' चे संगीत वापरल्याबद्दल एमआरटी म्युझिकने बंगळुरूत तक्रार दाखल केली. दोन्ही प्रसंगी हक्कधारक म्हणून कंपनी पुढे आली, हे लक्षणीय आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ धार्मिक व शासकीय समारंभांना आणि विवाहसोहळ्यांना सवलत देते. त्यात प्रचारसभेचा समावेश नाही. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विकृतीकरणास हरकत घेण्याचा अधिकार राहतो. परंतु परंपरेने आलेल्या, मालक नसलेल्या तमाशाच्या चालीला यातील कोणतेच संरक्षण पुरेसे पडत नाही.

निवडणूक कायद्यातही अशीच पोकळी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क निवडणुकीच्या प्रत्येक छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव बंधनकारक करते. एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) मशाल गीतातील 'जय भवानी' व 'हिंदू' हे शब्द वगळण्यास सांगितले आणि पक्षाने त्यास नकार दिला. गीतातील शब्द तपासले जातात; ते शब्द कोणी रचले, याची नोंद ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची गरज मात्र कोणाला वाटत नाही.

निष्कर्ष

१. मराठी प्रचारगीताचा दोष चाल उसनी घेण्यात नाही. ती उसनवारी ही शाहिरी परंपराच आहे.

२. दोष आहे तो नाममुद्रा पुसण्यात. तिच्यासोबत गीताचे उत्तरदायित्वही पुसले जाते.

३. छापील पत्रकाप्रमाणेच प्रचारगीताच्या अखेरीस गीतकार, गायक आणि मूळ चाल यांचा उच्चार आवश्यक मानला जावा. त्यास काही सेकंद पुरतील. मतदाराला गीत कोणाचे ते कळेल आणि ज्या फडांनी ही चाल पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्यांचे नाव निदान निवडणुकीपुरते तरी गावाच्या वेशीवर ऐकू येईल.