खोली, आडनाव आणि आपली समीक्षा

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहातून आली. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. विद्रोह, नकार, मनूची व्यवस्था, आत्मशोध, सगळे झाले. परंतु या कथेचा नायक नेमके काय मागत होता, हे आपल्या समीक्षेने क्वचितच विचारले. तो खोली मागत होता. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परमुलखात जातो, त्याला पाठ टेकायला चार भिंती हव्यात आणि भाडे द्यायची त्याची तयारी आहे. पुढचे सारे एवढ्यावरून घडते. काशिनाथ धावून आला नसता तर जिवावरच बेतले असते. शीर्षकातल्या 'चोरली' या शब्दाने मात्र समीक्षकांना असे भुलवले की ते नायकाच्या मनात शिरून अपराधगंड शोधत बसले. चोरी हा शब्द कोणाचा? तो घरमालकाच्या बाजूचा शब्द आहे. बागुलांनी तो उपरोधाने उचलला, आणि आपण तो फिर्याद म्हणून नोंदवून घेतला.

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव याच जागी वाचायला हवा. १९१७ साली परदेशात शिकून आलेला हा तरुण गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्यात उतरतो आणि त्याला जागा मिळत नाही. पारशांच्या एका मुक्कामखान्यात, दिवसाला दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहून तो राहतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही आपापल्या परीने असमर्थता दाखवतात. शेवटी कामाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागते. या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. पुस्तिका निघाली ती १९९० साली. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत बोलकी वस्तू काठी नव्हे, ती वही आहे. पदवी, पगार, कोट-पाटलून सगळे असून वहीत काय लिहायचे हा प्रश्न उरला.

ती वही आज बुलढाण्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, घाटमाथ्यावरच्या या थंड गावाच्या कडेला शेतांचे प्लॉट पडून नव्या वसाहती झाल्या. मलकापूर, खामगाव, चिखलीकडेही तेच. बंगलेवाल्यांची ही वस्ती नव्हे. कंपाउंडर, एसटीचे वाहक, शिपाई, निवृत्त शिक्षक अशांनी कर्ज काढून बांधलेली घरे. गिलावा अर्धवट, वरच्या मजल्याच्या सळया आभाळाकडे उभ्या. मागची एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने द्यायचे आणि त्यातून हप्ता फेडायचा. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. म्हणून सगळे सांगतात, 'वस्ती शांत आहे.'

माझा एक शिक्षक मित्र इंगळे आडनावाचा. आमच्या वऱ्हाडात हे आडनाव एकाच जातीचे नाही. त्याच्यासोबत मी खोली पाहायला गेलो होतो. नळ कधी येतो, मोटरसायकल कुठे लावायची, सगळे ठरले. मालकीणबाईंनी चहाही ठेवला. मग मालक सहज म्हणाले, "इंगळे म्हणजे कोणते इंगळे?" मित्राने गावाचे नाव सांगितले. "गावात घर कोणत्या बाजूला?" मित्राने तेही सांगितले. चहा आला, आम्ही तो घेतला, आणि निघताना कळले की मालकांचा भाचा पुढच्या महिन्यात शिकायला येणार आहे, खोली त्याच्यासाठी ठेवायची आहे. तीन महिन्यांनी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी फाटकावर तशीच होती. केवळ वर्गाच्या भाषेत बोलणाऱ्या आपल्या मित्रांनी या पाटीचा हिशेब मांडून दाखवावा. हप्ता थकतो आहे, भाडेकरूचा पगार पक्का आहे, आणि तरी खोली रिकामी आहे. जातीसाठी माणूस इथे स्वतःच्या खिशातून भाडे भरतो आहे.

१९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे गुन्हा ठरवला आहे. पण भाच्याविरुद्ध फिर्याद कशी करायची? मालक जातीचे नाव घेत नाही. तो 'शाकाहारी कुटुंब' म्हणतो. परिचारिका असलेली एकटी बाई गेली तर 'बरोबर कोण राहणार?' म्हणतो. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या, हे त्याच्या गावी नसते. मुसलमानाला तर फाटकापर्यंतही येऊ देत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याही माणसांनी घरे बांधली, याचा आनंद आहे. पण आपल्यातल्या किती घरमालकांनी मागची खोली मातंग कुटुंबाला दिली? मी दोघांना विचारले. एकाने विषय बदलला. दुसरा म्हणाला, "माझं काही नाही हो, पण घरच्यांना..." बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्रानेही बायकोला विचारावे लागेल असेच सांगितले होते.

आपल्या आत्मकथनांत महारवाडा आहे, दया पवारांच्या 'बलुतं'मधला कावाखाना आहे, झोपडपट्टी आहे. नोकरी लागल्यानंतरची भाड्याची खोली मात्र तिथे आणखी विस्ताराने यायला हवी होती. कदाचित लेखकाला वाटत असेल की मारझोड झाली नाही, रक्त सांडले नाही, मग यात लिहिण्यासारखे काय? आणि समीक्षाही दाहकतेच्या मापानेच मोजत आली. चहा पाजून दिलेला नकार त्या मापात बसत नाही.

माझ्या मित्राला पुढे दुसरीकडे खोली मिळाली, अकरा महिन्यांच्या करारावर. सामान टेम्पोतून उतरवताना बाबासाहेबांची तसबीर त्याच्या बायकोने गोधडीत गुंडाळून आत नेली. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "भाऊ, काच फुटते." काच फुटते हे खरेच आहे. पण तसबीर भिंतीवर लागली ती करारावर सही होऊन पहिले भाडे दिल्यावर, आणि तीही आतल्या खोलीत. तिने जात चोरली असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आधी बागुलांची कथा पुन्हा वाचावी, आणि वाचताना घरमालकाच्या खुर्चीवरून उठून वाचावी. करार संपायला आता चार महिने उरले आहेत. मित्र आतापासूनच दुसरी खोली पाहतो आहे.