सर्कशीतील दोन पिंजरे

सर्कशीतील वाघ-सिंहांच्या खेळांची चर्चा बहुधा प्रशिक्षकाच्या धाडसापाशी थांबते. पिंजऱ्याच्या रचनेची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः त्या धाडसाचे स्वरूप पिंजराच ठरवीत असतो. एकोणिसाव्या शतकात प्रशिक्षक चाकांवरील अरुंद पिंजऱ्यात शिरत असे. तेथे प्राण्याला मागे सरण्यास जागा नसे. साहजिकच धाक हाच खेळाचा आधार बने. त्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील हागेनबेक घराण्याने रिंगणाएवढा गोल पिंजरा रूढ केला. गोल पिंजऱ्यात प्राणी अडकून पडेल असा कोपरा नाही, आणि ठरलेले स्टूल ही त्याची स्वतःची जागा असते. या अंतराचे भान राखणे म्हणजेच प्रशिक्षकाची कला होय. पुण्याचे दामू धोत्रे यांनी अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत तीच गाजविली. तथापि खेळ संपताच प्राणी जाळीच्या बोळातून पुन्हा अरुंद पिंजऱ्यातच परते. प्रेक्षकांनी पाहिला तो काही मिनिटांचा पिंजरा. प्राण्याचे आयुष्य दुसऱ्यात गेले. भारतात १९९८ च्या अधिसूचनेतील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. या कलेच्या इतिहासाने दुसऱ्या पिंजऱ्याचीही नोंद घेतली पाहिजे. अन्यथा तो केवळ प्रेक्षकांचा इतिहास ठरेल.