उच्च शिक्षणाचे माध्यम आणि अकरावीचा खंड

उच्च शिक्षणात देशी भाषांना माध्यमाचे स्थान मिळावे, हा विचार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रथम मांडला, असा समज अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. तो निराधार होय. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने या विचाराचा पुरस्कार केला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर माध्यमांतरासाठी दहा वर्षांची मुदतही सुचविली होती. तेव्हा आज परीक्षण व्हावयाचे ते हेतूचे नव्हे, साधनांचे.

या अपयशाचे खापर नेहमी परिभाषेच्या अभावावर फोडले जाते. वस्तुतः वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला, आणि राज्याच्या भाषा संचालनालयानेही परिभाषाकोशांची मोठी मालिका सिद्ध केली. शब्द होते, त्यांना वाक्ये मिळाली नाहीत. नित्याच्या मराठीत ‘चाल’ आणि ‘वेग’ किंवा ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांत काटेकोर भेद कोणी करीत नाही. तो भेद विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतो तो कोश चाळून नव्हे, तर उदाहरणे सोडवून, उत्तरे लिहून आणि चुका करून. पारिभाषिक संज्ञेचा अर्थ तिच्या प्रयोगातच स्थिर होतो.

आणि नेमका हा प्रयोगच मध्ये तुटतो. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ शिकतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र अध्यापन इंग्रजीतून होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्याने दोन वर्षे कष्टाने इंग्रजी परिभाषा आत्मसात केली, त्याने पदवीला पुन्हा मराठीकडे का वळावे? अशा वर्गांकडे विद्यार्थी फिरकले नाहीत, तर तो भाषाद्रोह ठरत नाही. तो सरळ व्यवहार आहे.

धोरणातील खरी संधी उच्च शिक्षणाच्या प्रकरणात नसून शालेय रचनेच्या प्रकरणात आहे, ही गोष्ट चर्चेत जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे. ५+३+३+४ या आकृतिबंधात नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. या टप्प्यात विज्ञानाचे अध्यापन द्वैभाषिक झाले, म्हणजे विवेचन मराठीत, इंग्रजी संज्ञा सोबत आणि उत्तर कोणत्याही एका भाषेत लिहिण्याची मुभा, तर हा खंड सांधता येईल. द्वैभाषिक अध्यापनास धोरणाची संमती आहेच. संशोधनपर वाङ्मय इंग्रजीत असल्यामुळे निव्वळ मराठीचा आग्रह विद्यार्थ्याच्या हिताचा नाही, हेही मान्य केले पाहिजे.

राहिला ग्रंथांचा प्रश्न. सध्या यांत्रिक अनुवादावर मोठी भिस्त दिसते. इंग्रजीची लांबलचक कर्मणी वाक्ये ‘द्वारे’ जोडून मराठीत उतरविली, की प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य मात्र परके, अशी अवस्था होते. (शासकीय परिपत्रकांच्या वाचकास ती नवी नाही.) वर्गात मराठीतून शिकविणारा अध्यापकच असे वाक्य दुरुस्त करू शकतो, आणि तो अध्यापक घडविण्याची योजना अनुवादाच्या योजनेआधी हवी.