डॉ. गणेश देवी यांचा भाषाविचार आणि व्यक्तीची ओळख : एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

प्रवेश अर्जातील ‘मातृभाषा’ या रकान्यात एकच शब्द लिहावयाचा असतो. बडोद्यासारख्या शहरात हा एक शब्द निवडणे पुष्कळ विद्यार्थ्यांना सोपे नसते. घरी गुजराती, मदरशात उर्दू, शेजारी मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशी त्यांची दिनचर्या असते. भाषा व्यक्तीची ओळख घडविते, हे विधान आपण अध्यापक नेहमी करतो. परंतु ओळख घडविणारी भाषा एकच असते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या प्रश्नाच्या अनुषंगाने डॉ. गणेश देवी यांच्या भाषाविचाराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डॉ. देवी यांचा जन्म १९५० साली भोर येथे झाला. १९८० ते १९९६ या काळात त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. मराठी, गुजराती व इंग्रजी या तिन्ही भाषांत त्यांनी लेखन केले आहे. म्हणजेच हा विचारवंत स्वतःच एका भाषेच्या चौकटीत मावणारा नाही.

२. ‘आफ्टर अॅम्नेशिया’ची मांडणी

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी ग्रंथास १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वसाहतकाळात भारतीय सुशिक्षितांना एक प्रकारचा स्मृतिभ्रंश झाला, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. आपला समीक्षक एकतर संस्कृत काव्यशास्त्राकडे वळतो, नाहीतर पाश्चात्त्य सिद्धांताकडे. या दोहोंच्या मधली देशी भाषांची सुमारे हजार वर्षांची परंपरा त्याच्या विस्मरणात गेली. देशी भाषांचा उदय आणि इस्लामी सत्तांचा काळ यांचा संबंधही डॉ. देवी नोंदवितात, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

या मांडणीचे मोल मोठे आहे. जी भाषा विसरली जाते, तिच्यासोबत माणसाचे स्वतःविषयीचे ज्ञानही हरवते, हे त्यातून स्पष्ट होते. तथापि ग्रंथाचा भर साहित्यपरंपरेवर आहे. एकाच वेळी दोन-तीन भाषांत जगणारी व्यक्ती त्याच्या केंद्रस्थानी नाही.

३. गुजरातचाच दाखला

ही उणीव गुजरातच्याच इतिहासावरून दाखविता येते. अहमदाबादचे सूफी कवी खूब मुहंमद चिश्ती यांनी १५७८ साली ‘खूब तरंग’ हे काव्य गुजरीत रचले. ही गुजरी आज कोणाच्या वारशात धरावी? उर्दूचे इतिहासकार तिला उर्दूची पूर्वावस्था मानतात आणि गुजराती साहित्याच्या अभ्यासक्रमात तिला क्वचितच जागा मिळते. वली या कवीची गोष्टही अशीच आहे. कोणी त्यांना दखनी म्हणतात, कोणी औरंगाबादी, तर कोणी गुजराती. अहमदाबादमधील त्यांची मजार २००२ साली पाडण्यात आली आणि त्या जागेवर रस्ता झाला. स्मृतिभ्रंश केवळ परकीय सत्तेमुळे होतो असे नाही, तो आपल्या हातूनही घडतो, हे यावरून दिसते.

दाऊदी बोहरा समाजाची लिसानुद्दावत ही बोली गुजरातीच्या पायावर उभी आहे. तिच्यात अरबी-फारसी शब्दांचा भरणा आहे व तिची लिपी अरबी आहे. ‘एक समाज, एक भाषा’ हे सूत्र येथे लागू पडत नाही. गुजरातेतील अनेक मुस्लिम कुटुंबांची घरची भाषा गुजराती आहे आणि मेमन कुटुंबांत मेमणी बोलली जाते. तरीही मुसलमान म्हणजे उर्दूभाषक, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक बाहेरचे लोक बाळगतात तसे आपल्यातील काहीजणही बाळगतात.

याउलट एक उदाहरण बडोद्यातच आहे. राजघराणे मराठी आणि बहुसंख्य प्रजा गुजराती, अशा या संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत १९३१ साली ‘श्री सयाजी शासन कल्पतरू’ हा प्रशासकीय शब्दकोश निघाला. त्यात इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली अशा आठ भाषांतील पर्याय शेजारी शेजारी दिले आहेत.

४. नंतरचे कार्य

डॉ. देवी यांच्या पुढील कार्याने ग्रंथातील ही उणीव बरीच भरून काढली. १९९६ मध्ये त्यांनी बडोद्यात ‘भाषा’ संशोधन केंद्र स्थापन केले आणि पुढे तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी राहिली. लिपी किंवा लिखित साहित्य नसलेल्या बोलींना तेथे मानाचे स्थान मिळाले. २०१० पासून त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर ती १,३६९ झाली आणि अखेर १२१ भाषांत त्यांचे वर्गीकरण झाले. शासनाला वर्गीकरण करावेच लागते, हे मान्य. परंतु आपण सांगितलेले नाव दुसऱ्याच नावाखाली गेले, तर माणसाची ओळखही तितकीच झाकली जाते.

मात्र सर्वेक्षणही भाषाच मोजते. एका माणसात किती भाषा नांदतात आणि कोणत्या भाषेत तो कोण असतो, हे त्यातून कळत नाही. ते काम वर्गात शिकविणाऱ्याला करावे लागेल.

५. निष्कर्ष

(१) ‘आफ्टर अॅम्नेशिया’ हा ग्रंथ देशी भाषांचा विसर दाखवून देतो. मात्र गुजरी, लिसानुद्दावत यांसारख्या सीमेवरच्या भाषांसाठी त्याची मांडणी विस्तारावी लागते.

(२) धर्मावरून मातृभाषा ठरविणे इतिहासाला धरून नाही.

(३) विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीस ‘अशुद्ध’ म्हणताना आपण त्याच्या आईच्या बोलण्यालाच अशुद्ध म्हणत असतो. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी, पण ती घरच्या बोलीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे.

अर्जातील रकाना बदलणे आपल्या हाती नसेल. परंतु हजेरीपटावरील नावाला कोणकोणत्या भाषा येतात, हे विचारणे प्रत्येक अध्यापकाच्या हाती आहे.