आधी मशागत, मग बाजार

काटेरी साबराच्या कुंपणावर लागलेली तांबडी बोंडं मातीत घोळवून, कुसं काढून खायची आणि मग लाल जीभ दाखवत हिंडायचं, हे आपल्याकडच्या कितीतरी गावांतल्या मुलांनी केलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, पार्क सिटी नावाच्या बर्फाळ डोंगरी गावात, या फळाचं नाव घेऊन एक मराठी चित्रपट पोचला. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला मराठी कथापट. जागतिक कथापट विभागातलं ज्यूरींचं सर्वोच्च पारितोषिक घेऊनच तो परतला.

वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, तिथे भेटलेला बालमित्र बाळ्या, आणि त्या दोघांमध्ये हळूहळू उमलणारं प्रेम. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. आईला मात्र सगळं ठाऊक आहे, आणि ती मुलाच्या बाजूने उभी आहे. कॅमेरा घाई करत नाही. माणसं जितका वेळ गप्प बसतात, तितका वेळ तोही त्यांच्यासोबत बसतो. गावाला मागास ठरवण्याची किंवा शहराला सुटकेची जागा करण्याची सोपी वाट कानवडे घेत नाहीत. गेल्या काही वर्षांतल्या मराठी चित्रपटांत इतका विश्वासाने धरलेला संयम मी क्वचित पाहिला आहे. असा संयम आयत्या वेळी येत नाही. तो कुठे शिकायला मिळतो, हा प्रश्न मला पारितोषिकापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं निम्मं उत्तर सनडान्सच्या इतिहासात सापडतं.

हा महोत्सव १९७८ मध्ये सॉल्ट लेक सिटीत वेगळ्या नावाने सुरू झाला. १९८१ मध्ये तो पार्क सिटीला आणि थंडीच्या मोसमात आला. त्याच वर्षी अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांनी सनडान्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. संस्थेचं पहिलं काम होतं कार्यशाळा. महोत्सव तिच्या हाती काही वर्षांनी आला, आणि त्याला ‘सनडान्स’ हे नाव तर १९९१ मध्ये मिळालं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जगाला दिसतो तो दहा-अकरा दिवसांचा उत्सव. पण संस्थेचा पाया आहे ती डोंगरातली कार्यशाळा. तिथे नवखा दिग्दर्शक आपल्या पटकथेतले प्रसंग नटांना घेऊन चित्रित करून पाहतो आणि जाणत्यांच्या हाताखाली चुकतो. १९९१ च्या उन्हाळ्यात क्वेंटिन टॅरंटिनो तिथे ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’चे प्रसंग करून पाहत होते. मार्गदर्शकांच्या एका गटाला त्यांचे लांबलचक शॉट पटले नाहीत. पुढच्या गटातल्या टेरी गिलियम यांना तेच आवडले. दोन्ही मतं ऐकून टॅरंटिनो यांनी आपलंच खरं केलं, आणि पुढच्या जानेवारीत चित्रपट महोत्सवात झळकला. शिकवणाऱ्याचं न ऐकण्याची मुभा जिथे मिळते, तीच खरी शाळा.

रायन कूगलर यांचा ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ आणि क्लोई झाओ यांचा पहिला चित्रपट याच मशागतीतून आले. डेमियन शझेल यांची गोष्ट थोडी वेगळी. ‘व्हिपलॅश’ला पैसा मिळेना, म्हणून पटकथेतला एक प्रसंग लघुपट म्हणून केला गेला. २०१३ मध्ये त्याला सनडान्समध्ये पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी पूर्ण चित्रपटाने तिथे ज्यूरी आणि प्रेक्षक अशी दोन्ही सर्वोच्च पारितोषिकं मिळवली.

बाजाराची कथा या मशागतीला समांतर चालते, आणि अनेकदा तिला झाकून टाकते. १९८९ मध्ये स्टीव्हन सोडरबर्ग या सव्वीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा ‘सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप’ इथे प्रेक्षकांनी उचलून धरला, त्याच वर्षी कान महोत्सवात त्याने ‘पाम दोर’ जिंकलं, आणि छोट्या चित्रपटातही पैसा आहे हे व्यवसायाला कळलं. मग खरेदीदारांची रीघ लागली. २००६ मध्ये ‘लिटल मिस सनशाइन’ एक कोटी पाच लाख डॉलरला विकला गेला. २०२१ मध्ये ‘कोडा’साठी अ‍ॅपलने अडीच कोटी डॉलर मोजले. आकडे वाढले तशी जाहिरातदारांचीही गर्दी झाली. चित्रपटाकडे लक्ष द्या, असं सांगणारे बिल्ले महोत्सवाला स्वतः वाटावे लागले. स्वतंत्र चित्रपटाच्या घरात ही वेळ यावी, हे दुःखद आहे.

आता तोही बाजार आटला आहे. ‘कोडा’सारखे सौदे अपवादच ठरले, आणि स्ट्रीमिंग कंपन्या हात राखून खरेदी करू लागल्या. अ‍ॅमेझॉनच्या कामगारांनी संघटना कशी उभारली, हे दाखवणाऱ्या ‘युनियन’ या माहितीपटाला २०२४ मध्ये इथे विशेष ज्यूरी पारितोषिक मिळालं, तरी तो निर्मात्यांना स्वतःच प्रदर्शित करावा लागला. २०२५ च्या महोत्सवासाठी पंधरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतले चार हजारांवर पूर्ण लांबीचे चित्रपट होते, आणि निवड झाली शंभराहून कमी चित्रपटांची. इतक्या चिंचोळ्या दारातून आत गेलेल्यालाही बाहेर पडताना वितरक भेटेल याची शाश्वती नाही. महोत्सवावरचा आणखी एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ‘सनडान्स छापाचा चित्रपट’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. विस्कटलेलं कुटुंब, हळवा विनोद, शेवटी थोडा दिलासा: अमेरिकन विभागात हा साचा वारंवार दिसतो, आणि पटकथा लिहिणारी मुलं नकळत त्या साच्याकडे झुकतात.

भारतीयांच्या वाट्याला मात्र हा महोत्सव गेल्या काही वर्षांत वेगळ्या अंगाने आला, आणि मुख्यतः माहितीपटांच्या रूपाने. ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१), शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२), आणि सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) या तिघांनी तिथे पारितोषिकं मिळवली. शेवटचा तर आपल्या दाराशी घडतो. मुंबईचे दोन कोळी मित्र. एक जुन्या पद्धतीने किनाऱ्याजवळ जाळं टाकणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात दिव्यांच्या झोतात मासे ओढणारा. दर्या दोघांनाही पुरेसं देत नाही. मुंबईच्या कथापटांत कोळीवाडा बहुधा नाचगाण्यापुरता येतो. इथे तो कर्जासह, बाळाच्या आजारपणासह आणि मैत्रीतल्या तिढ्यासह दिसतो.

सनडान्सचं स्वतःचं घरही हललं आहे. रेडफर्ड सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. जानेवारी २०२६ चा महोत्सव युटामधला अखेरचा; २०२७ पासून तो कोलोराडोतल्या बोल्डरला भरणार. पार्क सिटी महागलं, गर्दीला अपुरं पडू लागलं, आणि कोलोराडोने करसवलती पुढे केल्या. ठिकाण बदलल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. निधी आटल्यावर कात्री कशाला लागते, उत्सवाला की कार्यशाळेला, याची मात्र काळजी वाटते.

आणि आपल्याकडे? पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ‘पिफ’, २००२ पासून भरतो आहे. गोव्यात ‘फिल्म बझार’ २००७ पासून आहे. मुंबईचा ‘मामी’ महोत्सव २०२५ मध्ये भरलाच नाही, आणि एवढ्या मोठ्या चित्रनगरीत तेवढ्याने पोकळी जाणवली. पडदे आपल्याकडे आहेत, प्रेक्षकही आहेत. पुण्यात सकाळच्या खेळाला रांगेत उभी राहणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. त्यांतल्या एखाद्याने लिहिलेल्या पटकथेचा तिसरा खर्डा वाचून, हा प्रसंग खोटा आहे, असं प्रेमाने सांगणारं कोणी असतं का? ‘साबर बोंडं’ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचं मराठी पटकथा शिबिर लाभलं, आणि पुढे व्हेनिस बिएनालेची ‘कॉलेज सिनेमा’ ही कार्यशाळा. अशी शिबिरं मोजकी आहेत, आणि तिथे जागा त्याहून मोजक्या.

कानवडे यांचे वडील २०१६ मध्ये गेले. दुखवट्याच्या त्याच दिवसांत गावी त्यांना या चित्रपटाचं बीज सापडलं. पडद्यावर तो आला २०२५ मध्ये. मधली नऊ वर्षं पुरस्कारपत्रात कुठेच लिहिलेली नसतात.