तारीख की तिथी

आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २६ ऑक्टोबर १९७७ पासून, रोलां बार्थ कागदाच्या चिठोऱ्यांवर तारीखवार नोंदी करू लागला. त्या पुस्तकरूपात आल्या २००९ साली. जयपुरात, शास्त्री नगरच्या घरी त्यांतली काही पानं मराठीत आणताना मी शीर्षकापाशीच अडले. ‘दुखवटा’ म्हणावं, तर तो तेराव्याला संपतो. शिवाय आपलं वर्षश्राद्ध तिथीचं. तारीख वेगळी पडते आणि तो दिवस दोनदा काढावा लागतो.

सुनीताबाई देशपांडे आठवतात. पु. लं.शी त्यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत झालं, नोंदणी पद्धतीनं. मुहूर्त नाहीच, नुसती तारीख. पु. ल. गेले तेही १२ जूनलाच, २००० साली. ‘आहे मनोहर तरी’ मात्र त्याआधी दहा वर्षांचं. त्यातला नवरा जिवंत आहे, भांडण चालू आहे. ते मागे उरलेल्या बाईचं पुस्तक म्हणून वाचणं मला चुकीचं वाटतं. पण बार्थच्या चिठोऱ्यांत आईबद्दल तक्रार जवळजवळ नाही, आणि तिथे मला सुनीताबाईंची उणीव भासते. माझ्या वहीत आईशी भांडण आहे.

शीर्षक अजून ठरलेलं नाही. यंदा आईची तिथी तारखेच्या अकरा दिवस आधी येते.